अजून दहा

आमच्या ठोक्याने, कामावर सगळे त्याला हेच म्हणायचे, चौतीस वर्षं रस्त्यांसाठी जमीन बडवली. धुम्मसाचा दुसरा दांडा माझ्या हातात असायचा, म्हणून सांगतो. लोखंडी ठोकळा, दोन बाजूंना दोन दांडे. उचलायचा, सोडायचा. ठोक्या टाचेने जमीन तपासायचा. टाच जराशी रुतली की म्हणायचा, "अजून श्वास घेतेय. चल, अजून दहा." जमीन पुरती घट्ट होण्याआधी तो थांबल्याचं मला आठवत नाही.

निवृत्त झाल्यावर त्याने वहिनींना मागच्या अंगणात बाग करून द्यायचं कबूल केलं. बिचारीने सारा संसार खिडकीतल्या डब्यांत मिरच्या लावून काढला होता. मुलाला मात्र ती जागा गाडीसाठी हवी होती.

"अडीच महिने देतो, बाबा. उगवलं तर तुमचं. नाहीतर काँक्रीट."

ठोक्या पहाटे उठायचा. धुक्यात त्याची नुसती पाठ दिसायची, वर-खाली, जणू बाकीचा माणूस अजून झोपेतच आहे. घेवडा पेरला, बादल्या ओतल्या. काही नाही. पुन्हा पेरला. पुन्हा काही नाही. दीड महिना गेला.

एका सकाळी वहिनी बाहेर आल्या. मी कुंपणाला टेकून उभा होतो. ठोक्या पेरलेल्या ओळीवरून टाच दाबत चालला होता.

"अहो, हे काय?"

"बसवतोय. बी हलायला नको."

"बी पेरलंय की मढं पुरलंय? हलल्याशिवाय वर कसं येणार ते?"

मला हसू फुटलं.

"भावजी, तुम्ही हसू नका. तुम्हीही त्यातलेच."

मग त्यांनी त्याला नळाजवळ नेलं. पाइप आणि भिंत यांच्यामध्ये दोन बोटांची फट होती, टाच न मावणारी. तिथे सांडलेल्या बियांतून दोन कोंब आले होते. मान वाकलेली, डोक्यावर मातीचं ढेकूळ.

ठोक्या खालीच बसला. "जिथे हात लावला नाही तिथेच आलं. मग माझे कष्ट कुठे गेले?"

"तिथवर पाणी कुणाच्या बादलीचं वाहून गेलं?" वहिनी म्हणाल्या. "कष्ट फुकट नाही गेले. तुम्हाला थांबता येत नाही, एवढंच."

महिना उरला होता. त्याने कुदळ घेतली, आणि कुदळीचं काम संपल्यावर नुसते हात. बडवण्यापेक्षा उकलणं जड असतं, हे मी त्याचे खांदे बघून सांगतो. ढेकळं बोटांनी फोडली. गांडूळ दिसलं की मुकादम आल्यासारखा थांबायचा.

"याला पगार नाही, रजा नाही. आणि आपण याच्या डोक्यावर धुम्मस घालत होतो."

काम संपलं की तो तळहात मातीवर ठेवायचा. पाळी सुटल्यावर आम्हाला म्हणायचा तसंच तिला म्हणायचा, "येतो गं." एरवी मी थट्टा केली असती. पण त्या धुक्यात माती झोपलेल्या गायीच्या कुशीसारखी हलताना मलाही दिसली. मीही हात ठेवला. ऊब होती.

ठरल्या दिवशी मुलगा सिमेंटच्या गोण्या घेऊन आला. घेवडा घोट्याएवढा झाला होता. त्याने वाफ्यात बूट टेकवला. बूट रुतला. त्याने तो उपसून काढला आणि टाचेची माती झटकली.

"मग गोण्यांचं काय करू?"

"उतरव. तुझ्या आईला चालायला वाट हवी."

काँक्रीटखालची जमीन बसवायला मी घरून धुम्मस आणला. दारापासून नळापर्यंत, एका माणसापुरती वाट. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच दांडा हातात आला, पण ताल तोच. वाफ्याची कड आली की ठोक्या धुम्मस खाली टेकवून माती हाताने सारायचा. मधल्या भागात त्याने टाच दाबली. "अजून दहा."

दिले.

शेवटची वीतभर जागा उरली, पाइपजवळची, ते पहिले दोन कोंब आले होते तिथली. मी दांडा उचलला.

"इथे नको," ठोक्या म्हणाला.