बॉयलरवाल्या काकांचं रॉकेट

उष्णतेचा एवढा मान राखणारा माणूस अख्ख्या पृथ्वीवर दुसरा नसेल, आणि तो नेमका तिरोड्यात माझा घरमालक निघाला. काकांनी उभी हयात धान उकडणाऱ्या राइस मिलच्या बॉयलरवर काढली. बॉयलर घाईनं तापवला की पत्रा तडकतो, हे त्यांच्या हाडांत मुरलेलं. त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू हळूहळूच तापली पाहिजे, असा त्यांचा कायदा. तव्यावर पहिली पोळी पडायला पाऊण तास. चहाच्या कपाला आधी पालथा हात लावून बघणार, मग भिंतीला, मग माझ्या कपाळाला. भर मे महिन्यात स्कूटर सुरू करून पाच मिनिटं नुसती धडधडत ठेवायचे. शेजारीण ओरडायची, "काका, ते गाडी कालपासूनच गरम हाय ना जी!" काका ढिम्म. "वरून गरम हाय, बाई. अंदरून नाही."

अशा माणसाला लेकीनं रायपूरला जाताना जुना कॉम्प्युटर दिला आणि त्यात रॉकेट बांधायचा खेळ. काकांना रॉकेट उडवण्यात गोडी नव्हती, उतरवण्यात होती. हवा चिरत खाली येताना यान तापतं. प्रत्येक भागाशेजारी एक पट्टी उमटते, पिवळी, मग लाल. भरली की तो भाग फट्‌कन फुटतो. तळाशी बसवलेली ढाल स्वतः झिजून उष्णता सोसते, पण तीही संपते. चुकलं तर मागं जायचं बटण आहे, त्याला काकांनी कधी बोट लावलं नाही. "बॉयलर फुटल्यावर मांगं जाता येते का बे?"

आणि एके दिवशी त्यांनी मला न विचारता आकाशात पाठवलं. म्हणजे अंतराळवीराला माझं नाव दिलं. "तोबी घरापासून लांब, तूबी." मी सांगोल्याकडचा, नववीत शाळा सोडलेला, वीज केंद्रात गरम पाइपांना उष्णता अडवणारी काचलोकर गुंडाळणारा. तापानं फणफणलो तेव्हा पेज करून पाजली ती याच काकांनी, तरी दर शनिवारी मनातल्या मनात मी बॅग भरायचोच. आता मनाशी ठरवून टाकलं: वरचा जळाला, तर सोमवारी आपणही काम सोडून गावाकडं. बोललो नाही कुणाला.

काका आधी रिकामी यानं उतरवून बघत होते. नऊ उतरवली, नऊही जळाली. दरवेळी तीच तऱ्हा: अगदी तिरकं, सावकाश, "हळूहळू तापू दे." एका रविवारी भर दुपारी ते माझ्याकडे वळले. "काऊन जळून राहिली बे? तू तं दिवसभर गरम पाइपातच राहतेस. सांग."

मी म्हणालो, "काका, गरमी आत मुरायला येळ लागतो. तुम्ही तिला तो येळ देताय. निखारा झटकन उचलून चुलीत टाकला तर बोट भाजत नाही. धरून बसलं की भाजतं."

काकांना उभ्या हयातीचा कायदा मोडायचा होता. "मंजे थोडं उभं उतरवाचं?"

"थोडंच. लई उभं नको."

"घाबरतेस कायले?"

"आत मीच हाय ना!"

दहावं रिकामं यान काळंठिक्कर पडलं, पण उतरलं. मग माझी पाळी. पट्टी पिवळी झाली, लाल झाली, ढाल झिजत आली. काकांनी पडद्याला पालथा हात लावला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा यान पॅराशूटच्या छत्रीखाली डुलत समुद्रात टेकत होतं. काका तोच हात माझ्या कपाळाला लावून म्हणाले, "आता अंदरून थंडा हाय."

सोमवारी मी कामावर गेलो. ते नाव काकांनी पुन्हा कधी वर पाठवलं नाही. विचारलं तर म्हणाले, "त्याले राहू दे. तो घरी आला. तू कवा जातेस?"

दिवाळीला सुट्टी मिळाली. स्टेशनवर सोडायला काकांनी स्कूटर सुरू केली आणि नेहमीसारखी दारात धडधडत ठेवली. रेल्वेची वेळ होत आली होती. एरवी मी घड्याळ बघून काकांचा जीव खाल्ला असता. या खेपेला बॅग मांडीवर घेऊन ओट्यावर बसून राहिलो. तेवढीच पाच मिनिटं.