सव्वा तासाचं विमान

पाऊस होता, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या. मी आणि माझी बायको आनंदी पडवीत बसून जाळं शिवत होतो. ती सुईत दोरा भरून देई. माझी गाठ सैल पडली की शिव्याही देई. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. त्याच दुपारी तिला खोकल्यातून रक्त आलं.

मालवणच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि म्हणाले, "मायट्रल स्टेनोसिस." म्हणजे काळजातलं एक दार अरुंद झालेलं. रक्त पुढे सरत नाही, फुप्फुसात तुंबतं.

"ऑपरेशन मुंबईलाच. पावसात आगबोट बंद, आणि एस.टी.चे हाल तिला झेपणार नाहीत. गोव्यात दाबोळीहून विमानाने न्या. सांताक्रूझ अडीचशे मैल, पण सव्वा तासात पोचाल."

गोवा पोर्तुगीजांकडून सुटून चार-पाच वर्षं झाली होती. तिथून विमान जातं एवढं ऐकून होतो. सव्वा तास हेच डोक्यात बसलं. आमच्या तारकर्लीपासून दाबोळी किती, ते मोजलंच नाही.

तुमच्या घरात कुणी असं आजारी असेल तर माझं ऐका. विमानाचा वेळ विमानवाल्यांचा. तुम्ही आपल्या उंबऱ्यापासून मोजा.

विमान दुपारी दोनचं. जीप सकाळी सहाला दारात आली. आनंदीला उशांना टेकून बसवली. पण आमच्याकडे लांब जाताना देवाला नारळ ठेवून सुखरूप प्रवासाचं गाऱ्हाणं घालतात, आणि ते मानकऱ्यानेच घालायचं. मानकरी तात्या दुसऱ्या वाडीत गेलेले. मी जीप देवळासमोर उभी केली आणि वाट बघत राहिलो.

आनंदी आतून म्हणाली, "अवो, देवाक मियां घरातसूनच सांगलंय. चला आता."

मी ऐकलं नाही. तात्या येऊन गाऱ्हाणं घालेपर्यंत दोन तास गेले.

पुढे बांदा, म्हापसा, मग मांडवी नदीची फेरीबोट. जुवारीच्या काठावर पोचलो तर फेरीबोट पलीकडे. ती येऊन आम्ही नदीच्या मध्यावर गेलो तेव्हा डोक्यावरून विमान गेलं. आनंदीने मान वर केली.

"गेला आपला इमान. ह्येका गाऱ्हाणा लागणा नाय वाटता!"

ती हसली आणि पुन्हा खोकली.

पुढचं विमान तीन दिवसांनी. मागे फिरून पणजीच्या इस्पितळात तिला ऑक्सिजन लावला. तिथल्या नर्सबाईंनी तिला लेकीसारखं सांभाळलं, त्यांचे उपकार आहेत. तिसऱ्या दिवशी सकाळी आनंदी गेली. खबर मिळताच धावत आलेल्या तिच्या भावाने आणि मी तिथेच अग्नी दिला. भाऊ म्हणाला, "तिचा आयुष्य तेवढाच होता." मी म्हटलं, "नाय. दोन तास मी घालवलंय."

रात्री घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सुतकातच देवळासमोर गेलो. तात्या पायरीवर होते.

"सुतकात हंय खंय इलस रे?"

"देवळात येवक नाय. रस्त्यार उभो आसंय. तात्यानू, हेच्यापुढे आजाऱ्याची गाडी गाऱ्हाण्यासाठी थांबवायची नाय. माणूस जावंदे, गाऱ्हाणा पाठसून घाला."

"वाडवडलांची रीत आसा ती. बघूया."

"बघता बघता माझी बायल गेली," मी म्हटलं आणि तिथेच चिखलात बसकण मारली. तात्या हो म्हणेपर्यंत उठलो नाही.