गाणं मध्येच थांबवू नका

आमच्या भागात करमणुकीच्या कार्यक्रमाची एक रीत आहे आणि तिच्यापुढे मी आजवर हात टेकत आले आहे. स्टेजवर नाच रंगात आलेला असतो. तेवढ्यात समोरच्या खुर्च्यांतून एखादा गृहस्थ नोट उंच धरून पुढे येतो. माइकवरचे सर हात वर करतात, सीडीवाला गाणं बंद करतो आणि जाहीर होतं, ‘या नृत्यास अमुक अमुक यांच्याकडून एकावन्न रुपये!’ टाळ्या होतात आणि गाणं पुन्हा सुरू. कोळीनृत्याचं यात काही बिघडत नाही. पोरी वल्ही धरून थांबतात, पुन्हा वल्हवू लागतात. पण आम्ही हिपहॉप करायचो हो! ठेक्यावर उडी घेतलेल्या माणसाने ठेकाच गेल्यावर उतरायचं कुठे?

आमचा क्लास कळंबमध्ये एका मंडपवाल्याच्या गोदामात चालायचा. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. टीव्हीवर डान्सच्या स्पर्धांचं पेव फुटलं होतं. महाळुंगे पडवळचा एक मुलगा पुण्यात शिकायला राहिला होता, तो हिपहॉप शिकून परत आला आणि आमचा डान्सचा सर झाला. एकीकडे खुर्च्यांच्या थप्प्या, दुसरीकडे गुंडाळलेल्या सतरंज्या आणि मधल्या फरशीवर आम्ही. शेतकऱ्यांची पोरं, तळेघरहून येऊन हॉस्टेलवर राहिलेला एक मुलगा, आणि मी, किराणा दुकानवाल्या शेठची पोरगी. आम्ही मूळचे राजस्थानचे, जैन. घरातली मारवाडी एव्हाना पाहुणे आले तरच निघायची. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायची शिस्त मात्र पक्की होती. क्लास संध्याकाळी, म्हणजे पोटात वरणभात गच्च भरायचा आणि जाऊन उड्या मारायच्या. मम्मीला हे कितीदा समजावलं! ‘उपाशी पाठवू काय?’ एवढंच तिचं उत्तर.

पण मम्मी क्लासच्या बाजूने होती, आणि त्याला कारण होतं. मी अतोनात तापट. राग आला की आमच्या घरात आधी दारं वाजायची, मग भांडी. क्लास लागला तशी भांडी शांत झाली. दिवसभराचा सगळा संताप मी त्या फरशीवर आपटून यायचे आणि घरी येऊन गपचूप अभ्यासाला बसायचे. ‘एवढी शहाणी तर ही नवसानंसुद्धा झाली नसती,’ असं मम्मी शेजारणीला सांगायची.

पप्पांचं तसं नव्हतं. दुकानात गिऱ्हाइकं त्यांना छेडायची, ‘शेठ, पोरगी लई उड्या मारती म्हनं!’ पप्पा तेल मोजत कसनुसं हसायचे आणि घरी येऊन ते हसू माझ्यावर काढायचे. मी अकरावीत होते. त्यांनी जाहीर केलं, ‘पुढलं वर्ष बारावीचं. नवरात्र झालं की नाच बंद.’ मी दार आपटलं. मम्मी म्हणाली, ‘अहो, न बघताच बंद?’ बरंच धुमसून पप्पा म्हणाले, ‘बरं, यंदा नवरात्र मंडळाच्या कार्यक्रमाला येतो. एकदा बघतो, मग ठरवू.’

म्हणजे सगळं त्या एका गाण्यावर आलं. आदल्या वर्षीचा प्रकार माझ्या डोळ्यांसमोर होता. तळेघरचा तो मुलगा, जो एरवी कुणाशी धड बोलायचा नाही, एका हातावर उलटा उभा राहिला होता आणि नेमकं बक्षीस आलं. माइकवरच्या सरांनी गाणं थांबवून नाव वाचलं. देणारे गृहस्थ खालून ओरडले, ‘माजी उपसरपंच म्हना की राव!’ सरांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पोरगं कोसळलं, लोक हसले.

यंदा पप्पांसमोर हे घडू द्यायचं नाही म्हणून मी त्या सरांच्या घरी जाऊन भांडले. बक्षिसं घ्या, हवी तेवढी घ्या, पण गाणं संपल्यावर. ते म्हणाले, ‘लोक रागावतात गं.’ मी म्हटलं, ‘मीसुद्धा रागावते.’ ते त्यांना ठाऊक असावं. स्टेजच्या पायरीशी मंडळाची दोन पोरं उभी राहिली, गाणं संपेपर्यंत कुणालाही वर सोडायचं नाही असं बजावून.

आणि त्या दिवशी गाणं खरंच सलग वाजलं. तळेघरचा मुलगा हातावर उभा राहिला, फिरला आणि आपल्या मर्जीने पायांवर आला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग मी एकटी पुढे आले, आयुष्यात कधी नाचले नव्हते अशी नाचले आणि दुसऱ्या रांगेत पाहिलं, तर मम्मीशेजारची खुर्ची रिकामी! पप्पा दुकानात गेले असणार. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

घरी आल्यावर पाहते तो पप्पा ओट्यावर बसलेले, माझ्याहून जास्त चिडलेले.

‘कुठे होता तुम्ही?’

‘तितंच व्हतो की पायरीशी! ती पोरं नोटच घेईनात. म्हनली, गानं संपल्यावर. म्हटलं, आरं, माझी पोरगी हाय! तरी न्हाई. सगळं गानं भांडन्यात गेलं.’

‘पण पप्पा, मान वर करून एकदा तरी स्टेजकडे पाहिलंत का?’

‘नोट हातात घिऊन वर काय बघू? समद्या गावाची बक्षिसं लागायची आन् बापाचं नाय?’ ते उठून चपला काढू लागले. ‘पुढल्या वर्षी गानं लागायच्या आधीच दिऊन टाकतो.’

पुढल्या वर्षी. बारावीत. मम्मीने मागून मला चिमटा काढला, गप्प बस म्हणून.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्यांनी बघावं म्हणून मी इतका जिवाचा आटापिटा करून नाचले, आणि त्यांनी बघितलंच नाही. मी तिथेच ओट्यावर बसून रडायला लागले, आणि पप्पा हातात चप्पल घेऊन मम्मीला विचारत होते, ‘आता काय झालं हिला?’