डाग नसलेला पट्टा

दत्तूमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात पेपर तपासत होते. गुऱ्हाळावरच छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत... महिना होऊन गेला, पण एक गोष्ट काही मनातून जात नाही. ती कोणती, ते सांगायलाच हवं.

मामा कोडोलीजवळच्या गुऱ्हाळावर गुळव्या होते. रस आटवायचा आणि उकळत्या पाकाची काहील चुलीवरून ओढून रिकामी करायची. पाच माणसांचं काम तिघं करायचे. दोन हजार सालानंतर आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात हालचाल मोजणारं यंत्र आलं. काडेपेटीएवढं, पट्ट्यानं कमरेला बांधायचं. माणूस किती वाकतो, किती हलतो यावरून अंगावरच्या कष्टाचा अंदाज बांधता यायचा. मी पहिल्यांदा मामांकडेच गेले. "कष्ट मोजाय यंत्र कशाला? माझी कंबर इचार की!" असं म्हणत त्यांनी बांधून घेतलं. काम जड निघालं तर दोन गडी वाढवतो, असं मालकांनी कबूल केलं होतं.

आठवड्यानं पट्टा परत आला, घडी घातलेला, स्वच्छ. मला तेव्हा कौतुकच वाटलं. आलेखात दर दोन-अडीच तासांनी एक सपाट रेघ होती, ती मी विश्रांती धरली. अहवालात लिहिलं, काम मध्यम. गडी वाढले नाहीत. मामा चिडले असते तर बरं झालं असतं. "तुझं यंत्र म्हणतंय तर आसंल," एवढंच बोलले आणि पुढचे तीन हंगाम, शेवटपर्यंत, तिघांतच काहील ओढत राहिले.

दहाव्याला मामी सहज बोलून गेली. "काहील उतरायची येळ झाली की त्येनी पट्टा काढून कोनाड्यात ठेवायचं बघ. पाक उडून यंत्र बिघाडलं तर पोरीची नोकरी जाईल म्हणायचं."

मी जिला विश्रांती म्हटलं, ती कोनाड्याची रेघ होती...

डॉक्टर म्हणतात, वय झालं होतं. असेलही. पण मला आता माझ्या सगळ्याच जुन्या अहवालांची भीती वाटते. आजऱ्याच्या काजू कारखान्यात मी ज्यांचे कष्ट असेच मोजले, त्या बायकांनीही माझ्या काळजीपोटी पट्टे कुठं काढून ठेवले असतील का? कुणाला विचारू?

मामांचा पट्टा माझ्या टेबलाच्या खणात आहे. गुऱ्हाळावर राबणाऱ्या कुणाचाही सदरा बघा, पाकाचा डाग सापडतोच. या पट्ट्यावर मी भिंग लावून शोधला. एकही नाही.