कयाधूचा उतार

कयाधूचा काठ सुधारणार म्हटल्यावर सगळ्यात जास्त आनंद मलाच झाला होता. तोवर पुलावरून नाक दाबून ऑफिसला जायचं, एवढीच आमची नदीभक्ती. हळूहळू गाळ निघाला, नाल्यांचं पाणी वळवलं, फिरायला वाट झाली, कडेनं कडुनिंब लागले. मी रोज सकाळी तिथं चालायला लागलो आणि आल्यागेल्या पाहुण्यांना ती वाट मिरवून दाखवू लागलो.

वडिलांचं शेत शहराला लागूनच. बैलजोडी एकच उरलेली. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी हळद-लोण्यानं तिचे खांदे मळायचे आणि सकाळी तिला कयाधूत धुवायचं, हा त्यांचा नेम. हापशावर धुतलेला बैल त्यांच्या लेखी पारोसाच. काम चालू होतं तोवर त्यांनी कळ काढली. काठ खुला झाल्यावरच्या पोळ्याला मात्र पहाटेच जोडी घेऊन निघाले. मीही सोबत गेलो.

बघतो तर काठभर पायऱ्याच पायऱ्या. जनावरं उतरायची ती मातीची वाट त्यांच्याखाली गेलेली. थोरला बैल दुसऱ्याच पायरीवर घसरला, गुडघा फुटला, आणि तो मागं सरला. वडिलांनी कासरा ओढला नाही. त्याच्या पाठीवर हात ठेवून ते नुसते पाण्याकडे बघत राहिले.

"समद्यायचा इचार केला," ते म्हणाले, "ह्यायचाच न्हाई केला."

मला त्या फिरायच्या वाटेचा पहिल्यांदा राग आला. मी नगरपालिकेच्या साहेबांकडे खेटे घालू लागलो. बैलांसाठी उतार मागितला की ते हसायचे. म्हाताऱ्या माणसांसाठी मागितला, तेव्हा मंजूर झाला.

पण वरातीमागून घोडं. उतार होईतो थोरला बैल गेला होता, धाकटा वडिलांनी नरसी गावच्या सोयऱ्यांना देऊन टाकला होता, आणि अर्धांगवायूनं त्यांची स्वतःची उजवी बाजू लुळी पडली होती.

यंदाच्या पोळ्याला मी त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून त्या उतारानं थेट पाण्यापर्यंत नेलं. त्यांनी वाकून डावा हात पाण्यात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग जड जिभेनं विचारलं,

"इथं बैलाच्या पोटाला लागंल का पाणी?"

"लागंल," मी म्हणालो.

"मंग उतार बराबर हाय."

ओल्या हातानं ते आपला लुळा खांदा मळू लागले, बैलाचा मळायचे तसाच, सावकाश. मला रडू आवरेना. खुर्ची घट्ट धरून मी त्यांच्या मागं उभा राहिलो.