तेरणा म्हणून दाखवलेली नदी

मामांनी मला फसवलं. मी बैलांचा व्यापारी. बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा करताना मला आजवर कुणी गंडवलेलं नाही. पण या माणसानं भर दुपारी, माझ्याच घरचा चहा पीत, एका नदीच्या जागी मला दुसरी नदी दिली. ते आता नाहीत, म्हणून काही मी ही गोष्ट सोडून देणार नाही.

मामा म्हणजे माझे मामा नव्हेत. ढोकीपासून खाली पार बिदरपर्यंत ते सगळ्यांचेच मामा. काम सोयरिकी जुळवायचं. असा माणूस तुमच्याही भागात असेल, पण आमच्या मामांची तऱ्हा वेगळी होती. कुणाच्याही घरी गेले की आधी पाणी मागायचे. अर्धं प्यायचे. उरलेल्यात बोट बुडवून फरशीवर एक वाकडीतिकडी रेघ ओढायचे आणि रेघेच्या काठाला सुपारीची दोन खांडं ठेवायचे.

"हे तुमचं घर. हे पोराचं. मधी निस्तं पाणी हाय. पाण्याला इचारा, म्या काय सांगू?"

पाण्याला विचारा, हे त्यांचं पालुपद. लेक वाहत्या पाण्यासंगं द्यावी, धारेच्या उलटी देऊ नये, हा त्यांचा कायदा. खाली दिलेल्या लेकीला माहेरचं पाणी दारात येऊन भेटतं म्हणे. पारावर पोरं त्यांना छेडायची.

"मग मामा, आमी वरच्या गावच्यांनी काय बिनलग्नाचं राहायचं का?"

"तुमी आणखी वरून आणा की."

"आन पार उगमावरच्यांनी?"

"त्येंचं त्येंनी बघावं. म्या काय सगळ्यांचा ठेका घेतलाय का?"

माझ्या लेकीचं स्थळ त्यांनी आणलं तेव्हा मी एकच अट घातली होती. पोरगी तेरणेच्या काठालाच देईन, मांजरेच्या काठाला नाही. माझी आत्या मांजरेच्या काठाला दिलेली होती. एका पुरात तिचं घर गेलं. आत्या वाचली, पण पुढं जन्मभर पत्र्यावर पावसाचा आवाज आला की हातात भांडी घेऊन उंबऱ्यात उभी राहायची. जेवायला बोलावलं तरी आत यायची नाही. तेरणा मला ठाऊक होती. ती माझ्या दारातून जाते. ती किती फुगली हे मला दिसतं, आणि लेक तिच्याच काठाला असली की तिच्या दारात काय येणार हे मी घरबसल्या सांगू शकतो.

"तेरणाच हाय," मामा म्हणाले आणि फरशीवरची रेघ चांगली लांब ओढली.

वैशाखात पोराचं घर बघायला गेलो. कर्नाटकाची हद्द ओलांडली की पुढचंच गाव. पात्र कोरडं होतं, वाळू आणि एका डबक्यात बसलेल्या म्हशी. मी गोठा पाहिला, बैलांचे खूर पाहिले, पोराचे हात पाहिले. नदी काय पाहायची? तरीही मी विचारलं, "मामा, ही तेरणाच ना?"

"न्हाय तर काय? तुमच्याच दारातली."

लग्न झालं. पहिल्याच श्रावणात लेकीचा फोन आला.

"अण्णा, इथं म्या तेरणा म्हणलं की बायका हसतेत. हिला मांजरा म्हणतेत. तेरणा तिकडं वरच संगमात संपती."

मी तसाच मामांच्या घरी गेलो. ते ओसरीवर शेंगा फोडत बसले होते.

"संपती कशी?" ते म्हणाले. "त्यातच हाय की तेरणा. न्हाय म्हणून दाखवा. अवो पाव्हणं, आपण लेक सासरी धाडली की तिचं नाव बदलतो का न्हाय? तेरणा मांजरेच्या घरी गेली, मांजरा झाली. बिदरच्या खाली तेलंगणात तिलाच मंजीरा म्हणतेत. आन पुढं गोदावरीच्या घरी गेली की तेबी नाव जातं. नाव गेलं म्हणून लेक मेली का?"

"मामा, लेकीचं नाव मांडवात बदलतात, चार माणसांसमोर. तुम्ही मला अक्षता पडल्यावर सांगताय. बैलाचे दात लपवणारे मी लई पाहिले. अख्खी नदी लपवणारे तुम्ही पहिलेच!"

ते चिडले नाहीत. आतून पाणी मागवलं, तांब्या तोंडाला लावून सगळं पिऊन टाकलं. त्या दिवशी फरशीवर रेघ ओढली नाही. मी उठून आलो आणि पुन्हा त्यांच्याशी बोललो नाही. रस्त्यात दिसले तर ते हात वर करायचे, मी गाडीचा हॉर्न वाजवून पुढं जायचो.

तेव्हापासून माझा पावसाळा बिघडला. एका नदीवर नजर ठेवता येते, दोन नद्यांवर कशी ठेवायची? आमच्याकडं ऊन असायचं आणि बीडच्या अंगाला ढग दिसला की घास उतरायचा नाही. मांजरा तिकडून येते. बाजारात रुमालाखाली हात आणि डोळे आभाळाकडं, असं झालं. पुढचा व्यापारी ते ओळखून सौदा दाबायचा. दर पुराला लेक मात्र फोनवर शांतपणे सांगायची, "आमी कवाच माळावर आलोय, अण्णा. जनावरं पण आणलीत." मला वाटायचं, तिकडच्या सरकारची व्यवस्था चांगली दिसते.

यंदा शिमगा झाल्यावर मामा गेले. माझा राग गेलेला नव्हता, तरी मातीला गेलो. दोन्ही काठांवरची माणसं आली होती. कानडी बोलणाऱ्या बाया आमच्या बायांच्या गळ्यात पडून रडत होत्या. मी मागं उभा राहिलो.

भाद्रपदात एका दुपारी मी बाजारात होतो. आमची तेरणा गुडघाभर, वर लख्ख ऊन. लेकीचा फोन आला. मागं माणसांचा गलका, जनावरांचं हंबरणं.

"अण्णा, पाणी गोठ्यात शिरलंय. कुणी सांगितलंच न्हाय औंदा..."

एवढ्यात फोन तुटला. पुन्हा लागला नाही.

मी टेम्पो काढला आणि पुलापर्यंत गेलो. पुलावरून पाणी चाललं होतं. अलीकडं पोलीस उभा होता. पलीकडच्या गावाचं काय, असं विचारलं तर म्हणाला, "ते कर्नाटकात येतं, आम्हाला माहिती नसते." गढूळ पाण्यातून एक दार वाहत गेलं, मग गव्हाण, मग कडबा. त्यात तेरणा कुठली आणि मांजरा कुठली, हे सांगायला मामांना तिथं उभं करायला पाहिजे होतं. मी काठावर नुसता येरझाऱ्या घालत राहिलो. आत्या उंबऱ्यात का उभी राहायची ते मला त्या दिवशी कळलं.

उन्हं कलताना जावयानं कुणाच्या तरी फोनवरून कळवलं. माणसं वाचली होती. मी निवडून दिलेली बैलजोडी दाव्यालाच बुडाली. दावं कापायला लेक पाण्यात उतरली होती. बैलानं भिऊन मान झटकली आणि तिचा हात मोडला.

पाणी ओसरल्यावर तिच्याकडं गेलो. हात गळ्यात बांधून ती चिखल झालेल्या ओसरीवर बसली होती. म्हणाली, "मामा असते तर असं झालं नसतं."

"मामांचं काय मधेच?"

"तेच तर दरसाल सांगायचे, अण्णा."

वर मांजरेच्या धरणाच्या पायथ्याला मामांनीच सोयरीक जुळवून दिलेली एक लेक नांदते. दरवाजे उघडायचा भोंगा झाला की ती मामांना फोन करायची. मग मामा काठाकाठानं खालच्या एकेका सोयऱ्याला फोन लावत जायचे, हद्द ओलांडून पार तेलंगणापर्यंत.

"काय म्हणायचे?"

ती त्यांच्या आवाजात म्हणाली, "'पाव्हणं निघाले. लई हायती. गोठा मोकळा करा आन तुमी माळावर जा.' एवढंच. लगेच ठेवून द्यायचे."

"मग हे मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी शपथ घातली होती. म्हणायचे, तुजा अण्णा व्यापारी माणूस, हे कळालं तर मागचं मिटलं म्हणंल. त्येचं भांडण खरं हाय. तसंच राहू दे."

ऐकून मला रागच आला. भांडण खरं होतं तर समोर येऊन का नाही म्हणाले? एकदा तरी हॉर्नच्या आडवं उभं राहायचं होतं.

मी धरणाच्या पायथ्याच्या त्या बाईलाही भेटलो. ती म्हणाली, "भोंगा झाला तसा म्या फोन हातात घेतला, दादा. मामांचंच नाव काढलं. मग ध्यानात आलं. आता कुणाला लावू? खालच्या कुणाचाच नंबर माझ्याकडं न्हाय."

तिथून मी धरणाच्या कार्यालयात गेलो. टेबलामागच्या साहेबांनी शांतपणे सांगितलं, "आमच्या हद्दीतल्या गावांना आम्ही कळवलं होतं. पुढं त्यांचं राज्य."

"पाणी हद्दीपाशी थांबलं का, साहेब?"

"तुमची तक्रार नेमकी कुणाबद्दल आहे?"

तेच मी इथं लिहितो. मामांबद्दल माझी तक्रार आहे, तिच्यावरून मी वर जाऊन त्यांच्याशी भांडेन. पण दरवाजे उघडायचा हुकूम ज्यानं दिला तो जिवंत आहे. त्याला खुर्ची आहे, फोन आहे. त्यानं माझ्यासमोर बसावं आणि सांगावं. हद्दीच्या खाली निरोप द्यायचं काम एका म्हाताऱ्याच्या जिवावर कुणी सोडलं होतं? आणि तो गेल्यावर ते आता कुणाकडं आहे? खातं सांगू नका, माणसाचं नाव सांगा. परतीचा पाऊस अजून यायचा आहे.