बर्माची फीत

निवृत्त माणसं एका छताखाली जमली की काम कमी आणि किस्से फार! कॅनडात कॅल्गरीच्या एका छोट्या विमान-संग्रहालयात आम्ही तिघं मराठी व्हॉलंटियर. झेंड्याच्या काठीला बांधलेल्या रेशमी फिती, म्हणजे स्ट्रीमर्स, जपणं हे आमचं काम. प्रत्येक फितीवर महायुद्धातल्या एकेका हवाई मोहिमेचं नाव. 

*

इस्त्रीला काढलेल्या फितीला एकदा आमच्या तिघांतल्या शुभावहिनींचा पाय लागला. त्या पटकन वाकून नमस्कार करायला लागल्या. संग्रहालयाच्या कॅनेडियन क्युरेटरबाईंनी विचारलं, "पाठ दुखतेय का?"

"नो नो, सॉरी म्हणतेय. रिबनला!"

दुसऱ्या दिवसापासून क्युरेटरबाई फितींजवळ बूट काढून जायला लागल्या. तेही भर जानेवारीत!

*

भालेराव म्हणजे आमचे रिटायर्ड पाइपलाइन इंजिनियर. दसऱ्याला त्यांनी फितींवर झेंडूची फुलं वाहिली. क्युरेटरबाई किंचाळल्या, "रेशमाला डाग पडेल!" भालेरावांनी निमूटपणे फुलं उचलून खाली काठीपाशी ठेवली.

नोव्हेंबरात युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाला बाई लाल पॉपीची फुलं मांडत होत्या. मध्येच थांबून म्हणाल्या, "भालेराव, तुमची ती पिवळी फुलं कुठायत?"

*

माझी नात एकदा आली. "आजोबा, इट्स जस्ट अ रिबन!"

"या मोहिमांवर गेलेल्या वैमानिकांची वयं विचार की," वहिनी म्हणाल्या.

"हाऊ ओल्ड?"

"तुझ्या दादाएवढे."

"व्हॉट! त्याला तर मॉम हायवेवर गाडीसुद्धा चालवू देत नाही!"

मग तिनं फितींवरची सगळी नावं हळूहळू वाचली.

*

आणि मागच्या वसंतात वॉल्टर आले. शंभरी ओलांडलेले, व्हीलचेअरवर. बर्माच्या फितीसमोर थांबले. महायुद्धात तिथल्या जंगलात अडकलेल्या सैनिकांसाठी ते विमानातून तांदळाची पोती टाकायचे.

"खाली ढग असायचे," ते म्हणाले. "पोती ढकलायची आणि वळायचं. कुणाला मिळाली की नाही, कधी कळलंच नाही. अजून झोप लागत नाही."

 भालेराव व्हीलचेअरजवळ गुडघ्यांवर बसले.

"माझे वडील फौजेत होते. तिथंच, खाली. उपाशी होते. एक दिवस वरून पोती पडली. फुटलेल्या पोत्यातला तांदूळ चिखलासकट शिजवला, म्हणायचे."

वॉल्टरनी त्यांचा हात घट्ट धरला. 

"मग? घरी पोचले ते?"

"पोचले ना, सर. त्यानंतर माझा जन्म झाला."